आमदाराकडनं काम कसं करून घ्यायचं: अर्ज, पत्र, पीए आणि फायलीच्या मागं लागणं

पहिलंच सांगतो, आमदार काहीच मंजूर करत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यावर सही तहसीलदाराची, घरकुलाचा हप्ता बीडीओच्या ऑफिसातनं सुटतो, रस्त्याची प्रशासकीय मान्यता, म्हणजे कामाला आणि त्याच्या खर्चाला सरकारी होकार, कलेक्टर नाहीतर ते ते खातं देतं, आणि साहेब ज्या कामाचा नारळ फोडतात त्या कामाच्या एकाही कागदावर "मंजूर" असं लिहायचा अधिकार साहेबांना नसतो. त्यांच्याकडं असतं काय तर निधीची शिफारस, लेटरहेड, फोन आणि विधानसभेत उभं राहून बोलायचा हक्क. एवढ्यावरच सगळं चालतं. त्यामुळं आपलं काम यातल्या कशानं होणार हे घरातनं निघतानाच ठरवायचं, नाहीतर दिवसभर बंगल्यासमोर बसून चहा पिऊन परत यायचं.

मी काही वर्षं मराठवाड्यात एका आमदाराच्या संपर्क कार्यालयात पत्रं टाइप करायला होतो, त्यामुळं टेबलाच्या पलीकडनं काय दिसतं ते माहितीये. खाली जे लिहितोय ते गावाकडच्या पोरापोरींसाठी, ज्यांना घरचे म्हणतात "तू शिकलेला आहेस, जा की आमदाराकडं".

आधी थोडा हिशोब बघा म्हणजे राग जरा कमी होईल. राज्यात विधानसभेचे आमदार २८८, २०११ च्या जनगणनेला लोकसंख्या ११ कोटी २४ लाख, म्हणजे एकामागं जवळजवळ ३ लाख ९० हजार माणसं. आमदार निधी वर्षाला ५ कोटी. ग्रामीण मतदारसंघात दीडशे गावं धरली, वाड्यावस्त्या तांडे सोडून, तर गावाला येतात ३ लाख ३३ हजार. त्यात एखादा पेव्हर ब्लॉकचा चौक होतो आणि तोही लहान. म्हणून "आमदार निधीतनं रस्ता द्या" म्हणणारा माणूस पीएला लगेच कळतो, नवीन आहे.

काम नक्की कुणाचं ते बघा

गावातला दिवा, गटार, पाण्याची टाकी धुणं हे ग्रामपंचायतीचं. यासाठी आमदाराकडं जाणं म्हणजे सरपंचाशी कायमचं वाकडं घेणं. झेडपी शाळेची खोली, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, जनावरांचा दवाखाना हे जिल्हा परिषदेचं. खरं तर ही कामं झेडपी आणि पंचायत समितीच्या सदस्यांची, पण २०२२ पासून बऱ्याच झेडप्यांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसले, गट-गणातला सदस्यच नाही म्हटल्यावर सगळा लोंढा आमदाराच्या दारात आला आणि लोकांना तीच सवय लागली.

रस्त्याचं सगळ्यात जास्त घोळाचं आहे. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग झेडपीकडं, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग पीडब्ल्यूडीकडं, नॅशनल हायवे वेगळाच. शेताकडं जाणाऱ्या पाणंद रस्त्यासाठी शेतरस्त्यांची वेगळी योजना असते. आणि शेजाऱ्यानं बांध घालून वाट अडवलीये, हे तर निधीचं कामच नाही, ते तहसीलदाराकडं केस टाकायचं काम. असलेली वाट अडवली असेल तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६ चं कलम ५, नवीन वाट पाहिजे असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. इथं कृपा करून आमदाराला फोन करायला लावू नका. तहसीलदार तिथं न्यायाधीशासारखा बसलेला असतो, तुमच्या बाजूनं निकाल जरी आला तरी समोरचा अपिलात हेच लिहिणार की राजकीय दबाव होता.

रस्ता कुणाचा ते कसं कळायचं? ग्रामपंचायतीत नमुना २३ नावाचं रजिस्टर असतं, त्यात गावच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंद असते. रस्त्याला नंबर असला तर झेडपीच्या बांधकाम उपविभागात ज्युनिअर इंजिनिअर दोन मिनिटांत सांगतो. नंबरच नसेल तर आधी नंबर पाडून घ्या, कारण नंबर नसलेल्या रस्त्याला पैसे टाकायचे म्हणजे बजेटमधल्या कुठल्या हेडखाली, म्हणजे खर्चाच्या खात्याखाली, टाकायचे हा प्रश्न उभा राहतो आणि तिथंच दोन वर्षं जातात.

अर्ज लिहिताना

लोक अर्ज लिहितात "आमच्या गावाला रस्ता मिळणेबाबत" आणि खाली दीड पान गावाचा इतिहास, पावसाळ्यात चिखल होतो, गरोदर बाईला बाजेवर न्यावं लागलं वगैरे. सगळं खरं असतं. पण त्यातनं क्लार्कला कामाचं नाव सापडत नाही. कामाचं नाव असं लिहायचं: "मौजे अमुक, ता. तमुक येथील ग्रामीण मार्ग क्र. इतका, बसस्टँड ते खालची वस्ती, किमी ०/०० ते १/२०० मजबुतीकरण व डांबरीकरण करणे." कुठून, कुठपर्यंत, किती आणि काय करायचं. चिखल आणि बाज त्याच्या खाली, दोन ओळीत.

याला एवढं महत्त्व का, तर तुम्ही लिहिलेलं नावच पुढं जातं. पीए ते पत्रात उतरवतो, पत्रातनं ते खात्याच्या यादीत जातं, यादीतनं शासन निर्णयात, आणि शासन निर्णयात एकदा "मारुती मंदिर ते पाण्याची टाकी" छापून आलं की काम तेवढंच. तुमचा खराब रस्ता टाकीच्या पुढं असेल तरी टाकीपाशीच डांबर थांबणार. नाव बदलायचं तर शुद्धिपत्रक काढावं लागतं, ते पुन्हा खालून वर आणि वरून खाली, आणि तोपर्यंत मार्च येतो. एका गावाच्या दोन वाड्यांची नावं सारखी होती तर सिमेंट रस्ता चुकीच्या वाडीत झाला, ठेकेदार म्हणाला माझ्या वर्क ऑर्डरमध्ये हेच नाव आहे, आणि तो बरोबरच होता ना!

अर्जाला काय जोडायचं: ग्रामसभेचा किंवा मासिक सभेचा ठराव, नमुना २३ चा उतारा (जागेचं काम असेल तर नमुना २४, म्हणजे जमिनींचं रजिस्टर), हेच काम दुसऱ्या योजनेतनं झालेलं नाही असा ग्रामपंचायतीचा दाखला, त्याला सगळे दुबार नसल्याचा दाखला म्हणतात, आणि काम झाल्यावर देखभाल ग्रामपंचायत करील असा ठराव. रस्ता कुणाच्या खाजगी जमिनीतनं जात असेल तर संमतीपत्र किंवा बक्षीसपत्र. इंजिनिअरकडनं अंदाजपत्रक आधीच करून घेतलं तर सोन्याहून पिवळं, कारण नाहीतर पत्र गेल्यावर खातं पहिलं पत्र हेच पाठवतं की अंदाजपत्रक सादर करा.

देवळाचं विचारतातच सगळे म्हणून सांगतो, देवळाच्या बांधकामाला आमदार निधी चालत नाही. सामाजिक सभागृह चालतं. ते देवळाच्या शेजारी का असतं हे सगळ्यांना माहिती असतं, पण जागा ग्रामपंचायतीच्या नावावर पाहिजे, ट्रस्टच्या नाही, इथं बरीच गावं अडकतात.

पैसा कुठला मागायचा

आमदार निधी सोडून बाकी पैसा जास्त आहे, फक्त लोकांना नावं माहिती नसतात. "पंचवीस पंधरा" म्हणजे २५१५ नंबरचं बजेटचं हेड (लेखाशीर्ष), ग्रामविकास खात्याचं, गावातले रस्ते, सभागृह, नाल्या असली मूलभूत सुविधांची कामं यातनं होतात आणि यादी मंत्रालयातनं निघते, म्हणजे इथं आमदाराचा मुंबईतला जोर कामाला येतो. "तीस चोपन्न" आणि "पन्नास चोपन्न" म्हणजे ३०५४ आणि ५०५४, रस्ते-पुलांसाठी, पहिला दुरुस्तीचा, दुसरा नवीन कामाचा. यातला थोडा पैसा जिल्हा नियोजनमधनं, म्हणजे जिल्हा नियोजन समितीच्या निधीतनं येतो आणि मोठी कामं पीडब्ल्यूडीच्या बजेटमधनं. कुणी म्हटलं "आपलं काम बजेटला बसलं" तर ते हेच. स्मशानभूमीचं शेड, ग्रामपंचायतीची इमारत यासाठी जनसुविधा म्हणून हेड आहे, ते जिल्हा नियोजनमध्ये. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, त्यामुळं आपला आमदार आणि पालकमंत्री यांचं जमतं का नाही हेही बघावं लागतं, लिहायला बरं वाटत नाही पण असं आहे.

आणि एक, फक्त विधानसभेच्या आमदारामागं लागू नका. विधान परिषदेत आमदारांच्या ७८ जागा आहेत, शिक्षक-पदवीधरवाल्या, स्थानिक संस्थावाल्या, तिथल्या आमदारांनाही आमदार निधी असतो आणि त्यांच्या दारात गर्दी बरीच कमी असते. खासदार निधी पण वर्षाला ५ कोटीच, पण लोकसभेच्या खासदाराकडं सहा विधानसभा मतदारसंघ, म्हणजे त्याचे तुकडे अजून बारीक. राज्यसभेचा खासदार आपल्या राज्यात कुठंही काम सुचवू शकतो, महाराष्ट्रातनं असे १९ आहेत, एखाद्याचं गाव, सासर, आजोळ तुमच्या तालुक्यात असेल तर शोधा.

वेळेचं पण आहे. निधीचं वर्ष एप्रिल ते मार्च. एप्रिल-मे मध्ये याद्या बनतात तेव्हा अर्ज गेला पाहिजे. फेब्रुवारीत गेलात तर पीए गोड बोलून कागद ठेवून घेईल, पण त्याला माहिती असतं की यंदाचं संपलं. आचारसंहिता लागायच्या आधीचा महिना म्हणजे तर जत्राच, सगळी गावं एकदम. ज्या कामाची वर्क ऑर्डर निघून काम जागेवर चालू झालंय ते आचारसंहितेत थांबत नाही, बाकी सगळं थांबतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पीए लोक

आमदारापेक्षा पीए ओळखीचा असणं कामाचं, हे खरंय, पण पीए तीन ठिकाणी असतात. एक गाडीत, तो फोन उचलतो आणि दौऱ्याचं बघतो, त्याच्याकडं कागद दिला तर तो गाडीच्या डॅशबोर्डवर राहतो आणि उन्हानं पिवळा पडतो. दुसरा संपर्क कार्यालयात, पत्रं तो काढतो. तिसरा मुंबईत, मंत्रालयातल्या फायली त्याच्याकडं. २५१५ चं काम असेल तर गाडीतल्या पीएला शंभर वेळा फोन करून काय उपयोग, मुंबईवाल्याला विचारा की यादीत नाव गेलं का आणि कितव्या नंबरला आहे.

लग्नात, दहाव्याला, वास्तुशांतीला आमदाराला गाठून खिशात अर्ज कोंबायची पद्धत आहे. ती बंद करा. साहेब "हो हो करतो" म्हणतात, खिसा संध्याकाळी रिकामा होतो. दिवसाला पाच-पाच लग्नं करणारा माणूस कुठला कागद कुणाचा हे लक्षात ठेवूच शकत नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले, एसटीनं फिरायचे, लोक त्यांना गाडीतच भेटायचे असं सोलापूरकडची माणसं अजून सांगतात, पण २०२१ मध्ये ते गेले आणि तशी भेटण्याची सोय पण गेली. आता कार्यालयातच जा, सकाळी लवकर, आठवडी बाजाराचा दिवस सोडून.

पत्र मिळालं, आता पुढं?

इथंच निम्मी कामं मरतात. लोक पत्र घेतात, फोटो काढतात, गावच्या ग्रुपवर टाकतात "साहेबांचे मनःपूर्वक आभार" आणि घरी बसतात. अहो ते पत्र म्हणजे सुरुवात आहे.

पत्र हातात आलं की आधी तीन गोष्टी बघा. जावक क्रमांक आणि तारीख आहे का. जावक नंबर नसलेलं पत्र म्हणजे कार्यालयाच्या लेखी ते निघालेलंच नाही, उद्या कुणी विचारलं तर सापडणार नाही. मग पत्र कुणाच्या नावानं आहे, कार्यकारी अभियंत्याचं काम असताना कलेक्टरच्या नावानं पत्र असेल तर ते कलेक्टर ऑफिसातनं "योग्य त्या कार्यवाहीसाठी" म्हणून खाली यायलाच महिना लावतं. आणि शेवटची ओळ वाचा. "नियमानुसार कार्यवाही व्हावी" असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ऑफिसात सगळ्यांना कळतो: माणूस दारात आला होता, त्याला रिकामं पाठवायचं नव्हतं. "सदर काम माझ्या स्थानिक विकास निधीतून सन अमुक-तमुकसाठी प्रस्तावित करीत आहे" हे वेगळं पत्र, यात पैसा आहे. "केलेल्या कार्यवाहीचा अहवाल मला सादर करावा" ही ओळ असली तर अजून बरं, कारण मग खालच्याला उत्तर लिहावं लागतं. टाइप करणाऱ्याला ही ओळ टाकायला सांगा, तो नाही म्हणत नाही, मला कुणी सांगितलं असतं तर मीही टाकलीच असती.

पत्र स्वतः नेऊन द्या. दुसरी झेरॉक्स बरोबर ठेवा, तिच्यावर आवक शिक्का आणि नंबर घ्या. लोकप्रतिनिधींच्या पत्रांसाठी सरकारी ऑफिसात वेगळी नोंदवही ठेवायची असते, तिच्यात नोंद झाली का एवढं नम्रपणे विचारा, क्लार्क एकदम सावरून बसतो. मग आठ-दहा दिवसांनी जाऊन विचारायचं, फाइल कुठल्या टेबलला आहे. "साहेब नाहीत" हे उत्तर नाही, टेबल विचारा. राज्यात २००५ चा दप्तर दिरंगाईचा कायदा आहे, साधी फाइल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नसते, हे भांडायला वापरू नका, पण माहिती असू द्या. झेडपी आणि कलेक्टर ऑफिसात दर सोमवारी दुपारी ३ ते ५ कुणालाही कागदपत्रं बघायला मिळावीत असा २०१८ चा शासन निर्णय आहे, तो बऱ्याच ऑफिसांना आठवत नाही म्हणून झेरॉक्स जवळ ठेवा. त्यानंही नाही झालं तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून आरटीआय, ३० दिवस. आरटीआयमध्ये "काम का झालं नाही" असं विचारू नका, "अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर झालेल्या कार्यवाहीची टिपणीसह प्रत द्या" असं मागा.

कामाचा प्रवास असा असतो: शिफारस, अंदाजपत्रक, प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता (तांत्रिक म्हणजे इंजिनिअरनं आराखडा-खर्च तपासून दिलेली), टेंडर, वर्क ऑर्डर. "काम मंजूर झालं" असं कुणी म्हटलं की विचारायचं, मंजूर म्हणजे यातलं काय झालं? प्रशासकीय मान्यतेच्या आधीचं सगळं हवेत आहे असं धरा.

वैयक्तिक कामं

आजीचं निराधारचं अनुदान. संजय गांधी योजनेत महिन्याला दीड हजार, ६५ वर्षांच्या आतल्यांना, त्यापुढं श्रावणबाळ. उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजार. महिन्याला साडेसतराशे रुपयांत घर कसं चालतं असं विचारू नका, दाखला मात्र तेवढ्याचाच लागतो. हे अर्ज तालुका समितीपुढं जातात आणि समितीवर राजकीय माणसं असतात, म्हणून आमदाराचा संबंध येतो. पण बहुतेक वेळा आजीचा अर्ज कुणी नाकारलेला नसतो, समितीची बैठकच झालेली नसते. तेव्हा "आमच्या आजीचं करा" असं न म्हणता "समितीची बैठक कधी लावताय, तालुक्यात एवढे अर्ज पडून आहेत" असं विचारा. बैठक लागली की आजीबरोबर पन्नास जणींचं होतं आणि साहेबांना पण ते बरं दिसतं, फोटोसकट.

घरकुलाच्या यादीत नाव घालायला आमदाराकडं जाऊ नका, यादी सर्व्हेतनं आणि ग्रामसभेतनं येते, त्याला घालता येत नाही. हप्ता अडकला असेल, किंवा जिओ टॅगिंग (बांधकामाचा लोकेशनसकट फोटो) कुणी येऊन करत नसेल, तर एक फोन पुरतो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला यासाठी तर मुळीच जाऊ नका, २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे, ती गेली की आपले सरकार पोर्टलवर अपील टाका, फुकट आहे.

रेशनवर धान्य चालू होत नाही आणि दुकानदार म्हणतो "इष्टांक संपलाय". हे खोटं नसतं. राज्याला अन्नसुरक्षा कायद्यात सुमारे ७ कोटी लोकांची मर्यादा आहे, तालुक्याचा कोटा भरला की कुणाचं नाव निघाल्याशिवाय तुमचं बसत नाही. इथं फोनचा उपयोग नाही. इथं करायचं काम म्हणजे तालुक्यातल्या मेलेल्या, लग्न होऊन गेलेल्या, नोकरीला लागलेल्या माणसांची नावं यादीतनं कमी करायची मोहीम लावा अशी मागणी. ती आमदारानं तहसीलच्या आढावा बैठकीत केली तर होते.

दवाखाना हे सगळ्यात अवघड, कारण रात्री दोनला फोन येतो. क्रम पाठ करून ठेवा. पेशंट हलवायला १०८. दवाखान्यात पोचलात की आधी विचारा इथं महात्मा फुले योजना चालते का, आरोग्यमित्र, म्हणजे या योजनेचा दवाखान्यातला माणूस, कुठं बसतो. ५ लाखांपर्यंत मोफत उपचार आहेत, आता सगळ्या रेशनकार्डवाल्यांना, केशरी पांढरं काही असो. दवाखाना धर्मादाय असेल, पुण्या-मुंबईतली बरीच मोठी हॉस्पिटलं आहेत, तर १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्याच लागतात, उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर सवलत. तिथं समाजसेवा अधिकारी म्हणून माणूस असतो, त्याला भेटा. आमदाराचा फोन इथं खरोखर कामाला येतो, कारण "खाट शिल्लक नाही" हे उत्तर सामान्य माणसाला दिलं जातं तितक्या सहज आमदाराला देता येत नाही.

हे दोन्ही नाही जमलं तरच मुख्यमंत्री सहायता निधी. त्याला आमदाराचं पत्र लागतच नाही, हे कुणी सांगत नाही. लागतो तो अर्ज, चालू वर्षाचा उत्पन्न दाखला १ लाख ६० हजारांच्या आतला, आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट, हॉस्पिटलचं खर्चाचं पत्रक (खाजगी असेल तर सिव्हिल सर्जनकडनं तपासून), पेशंटचा दवाखान्यातला जिओ टॅग फोटो, अपघात असेल तर एफआयआर. पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जातात, तुमच्या नाही. आणि डिस्चार्ज झाल्यावर, सावकाराकडनं काढून बिल भरल्यावर अर्ज केला तर मिळत नाही, म्हणून ॲडमिट असतानाच पळापळ करा. आता जिल्ह्याला पण याचा कक्ष आहे, कलेक्टर ऑफिसात, मुंबईला जायची गरज नाही.

लाइटचं थोडक्यात. डीपी जळाली की आधी १९१२ ला तक्रार आणि नंबर लिहून ठेवा, ग्रामीण भागात ४८ तासांत बदलून द्यायची असते. वायरमन, मग सेक्शनचा इंजिनिअर, मग उपविभाग, आणि तिथंही नाही झालं तर आमदाराचा फोन थेट कार्यकारी अभियंत्याला. वायरमनला आमदाराचा फोन लावून देणारे आहेत आमच्याकडं, त्यानं पुढच्या वेळी तुमच्या गावाचं नाव ऐकलं की तो मोबाईलच बंद ठेवतो. एसटीचं पण तसंच, कॉलेजच्या पोरींसाठी गाडी पाहिजे तर डेपो मॅनेजरला मुलींच्या सह्यांची यादी, पासची संख्या आणि वेळ द्या, वर विभाग नियंत्रकाला आमदाराचं पत्र, दोन्ही एकाच आठवड्यात.

पोलीस केस मिटवा, बदली करा, पोराला चिकटवा, पेपर तपासणाऱ्याला सांगा... ही कामं घेऊन जाणारा माणूस पुढच्या वेळी रस्त्याचं घेऊन आला तरी त्याला त्याच रांगेत बसवतात. एवढंच बोलतो.

सभागृहात प्रश्न

हे काम आमदाराचं सगळ्यात खरं काम, कायद्यानं दिलेलं, आणि गावाकडनं याच्यासाठी कुणी जात नाही. तीन अधिवेशनं असतात, बजेटचं आणि पावसाळी मुंबईला, हिवाळी डिसेंबरात नागपूरला. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा अशी हत्यारं असतात. तारांकितला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि उपप्रश्न विचारता येतात, लक्षवेधी तातडीच्या विषयाला. प्रश्न अधिवेशनाच्या महिनाभर आधी तरी द्यावे लागतात, म्हणजे डिसेंबरच्या नागपूरसाठी तुम्ही दिवाळीतच कागद पोचवायला पाहिजे, नागपूरला मोर्चा निघाल्यावर नाही.

तयार प्रश्न द्या, विषय नको. "पाण्याचं बघा" असं म्हटलं तर पीए काय लिहिणार? असं लिहून द्या: तालुक्यात जलजीवन मिशनमध्ये किती योजना मंजूर, किती पूर्ण, त्यातल्या किती ग्रामपंचायतीला हस्तांतरित, किती गावांत माणशी ५५ लिटर पाणी प्रत्यक्ष मिळतंय, ठेकेदाराला किती देयकं दिली, विलंबाचा दंड लावला का. तुमच्या गावाचं नाव टाका, टाकीचा फोटो, कामाच्या बोर्डाचा फोटो ज्यावर काम पूर्ण करायची तारीख असते. प्रश्न स्वीकारला गेला की खात्यातनं जिल्ह्याला फॅक्स-मेल सुरू होतात, आणि वर्षभर न आलेला डेप्युटी इंजिनिअर चार दिवसांत गावात येऊन टाकीवर चढतो. उत्तर सभागृहात यायच्या आधीच निम्मं काम होतं ते असं.

आपला आमदार सत्तेतला असेल तर तो स्वतःच्या सरकारला अडचणीचा प्रश्न विचारताना का-कू करतो. मग विरोधी पक्षाचा शेजारचा आमदार किंवा विधान परिषदेतला कुणी बघा, प्रश्न आपल्याच मतदारसंघाचा पाहिजे असं काही नाही. मंत्र्यानं सभागृहात "करतो" म्हटलं तर त्याचं आश्वासन होतं आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. विनंती अर्ज समिती पण आहे, गावकऱ्यांच्या सह्यांचा अर्ज एखाद्या सदस्यामार्फत सभागृहात मांडता येतो, फार कमी लोक वापरतात.

उत्तर विधानमंडळाच्या वेबसाइटवर येतं, प्रत काढा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. उत्तरात "कार्यवाही सुरू आहे" एवढंच असेल, तसंच असतं बहुतेकदा, तर पुढच्या अधिवेशनाला आधीच्या प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख टाकून तोच प्रश्न पुन्हा द्यायला लावा. क्रमांक टाकला की खात्याला आधीचं उत्तर समोर ठेवूनच नवीन लिहावं लागतं.